मॅडमचा चौथा प्रश्न

"मला बाई फार भीती वाटते," असं म्हणून मॅडम दोन्ही हात छातीशी धरायच्या आणि मग ज्याची भीती वाटते तेच करायला लागायच्या.

पाल दिसली की हे वाक्य. लिफ्टमध्ये शिरताना हे वाक्य. गंगापूर रोड ओलांडताना तर ते ठरलेलंच. रस्त्याच्या अलीकडच्या एका गल्लीत त्यांचा दवाखाना होता आणि घर पलीकडे, त्यामुळे रोज ओलांडणं आलंच. कडेला उभ्या राहून त्या कुणालाही हाक मारायच्या, "अहो, जरा पलीकडे नेता का?" साठी उलटलेली डॉक्टर भाजीवालीचा नाही तर कॉलेजच्या पोरीचा हात धरून, डोळे जवळजवळ मिटून रस्ता पार करायची. मला तेव्हा त्याची लाज वाटायची. मी नुकतीच पदवी घेऊन त्यांच्या हाताखाली आले होते आणि डॉक्टरनं कसं रुबाबात राहावं याबद्दल माझी मतं पक्की होती.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. पुढे बाकडी, आत मॅडमचं टेबल आणि टेबलामागे हिरवा पडदा. पडद्याआड तपासणीचा पलंग आणि जुना लोखंडी वजनकाटा. त्यावर पाय ठेवला की खट्ट वाजायचं आणि काटा थरथरत राहायचा. मी नवा, आकडे दाखवणारा काटा आणायला सांगितला तर म्हणाल्या, "राहू दे. याला वेळ लागतो, तेच बरं आहे." मला वाटलं, चिक्कूपणा.

प्रत्येक पेशंटला त्या चार प्रश्न विचारायच्या, एका दमात, पाढे म्हटल्यासारखे. "भूक लागते? झोप लागते? पोट साफ होतं? घरी कुणाची भीती वाटते?"

चौथ्या प्रश्नाला बाहेरची बाकडी हसायची. म्हाताऱ्या म्हणायच्या, "सुनेची." सुना हळूच म्हणायच्या, "यांचीच." एक रिक्षावाले दादा दर वेळी सांगायचे, "बायकोची आणि तुमच्या सुईची." सुरगाण्याकडून बांधकामावर आलेली एक बाई ताप घेऊन आली होती, ती म्हणाली, "घरच नाय बाई, तं भीती कोनाची सांगू?" त्यावर मात्र कुणी हसलं नाही. मॅडमनी तिला गोळ्या दिल्या आणि पुढच्या पेशंटला पुन्हा तेच चार प्रश्न विचारले.

एकदा मी चिडून म्हणाले, "सर्दीच्या पेशंटला हे कशाला? वेळ जातो."

"सगळ्यांना विचारलं, की कुणाला मुद्दाम विचारल्यासारखं वाटत नाही. जिला खरंच भीती असते ती इथे हसण्यावारी नेते. पण या दवाखान्यात हे विचारतात, एवढं तिच्या लक्षात राहतं. आज नाही बोलली तर नाही बोलली."

मग वजन. खोकला असो, पाय मुरगळलेला असो, बाईमाणसाचं वजन झालंच पाहिजे आणि वजन चालू असताना पडद्याआड पुरुषानं जायचं नाही, हा नियम. कुणी नवरा कौतुकानं मागे निघाला की मॅडम म्हणायच्या, "बायकांचं वजन आणि वय, दोन्हीकडे बघायचं नसतं. बसा बाहेर." तो हसून बसायचा. गल्लीत मॅडमच्या वजनाच्या वेडावर पुष्कळ विनोद होते. त्या पडद्याआड चौथा प्रश्न पुन्हा एकदा, अगदी हलक्या आवाजात विचारला जातो, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

आता जिच्यामुळे हे सगळं सांगते आहे, तिच्याकडे येते. तिचं खरं नाव सांगणार नाही, आपण तिला सुनीता म्हणू. माहेर बागलाणात, नामपूरजवळ. नवरा सातपूरला एका कारखान्यात सुपरवायझर. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, दवाखान्यात आला की आधी मॅडमच्या पाया पडणार. त्याच्या आईचा रक्तदाब, त्याचं पित्त, लहान मुलीच्या लसी, सगळं मॅडमकडेच. दिंडोरीच्या मित्राच्या बागेतली द्राक्षं दर हंगामात दवाखान्यात पोचवायचा. मला तो आवडायचा. तुम्ही पाहिला असता तर तुम्हालाही आवडला असता.

सुनीता नेहमी त्याच्याबरोबर यायची आणि तिचं दुखणं तोच सांगायचा. "हिचं डोकं दुखतं." "हिला झोप नाही." "ही बाथरूममध्ये घसरली." मॅडम सुनीताकडे बघून विचारायच्या आणि उत्तर डावीकडून यायचं. चौथा प्रश्न आला की तो हसायचा. "हिला कशाची भीती? मी आहे ना."

एका संध्याकाळी मॅडम रस्त्याच्या कडेला उभ्या असताना तो मोटरसायकल लावून धावत आला. "चला मॅडम, मी नेतो." त्यांच्या दंडाला धरून त्यानं त्यांना पलीकडे नेलं. मी मागेच होते. मला वाटलं, किती अदबीचा माणूस. दुसऱ्या दिवशी मॅडम सारखी बाही सावरत होत्या. दुपारी पेशंट संपल्यावर मला म्हणाल्या, "अगं, काल पलीकडे गेल्यावर मी म्हटलं, झालं, आता सोडा. तर तो बोलत राहिला आणि हात सोडला नाही. मी दोनदा म्हटलं. हसत होता. पण सोडला त्याला वाटलं तेव्हाच." त्यांनी बाही वर केली. दंडावर पुसटशी लाल खूण होती. "मला बाई फार भीती वाटली."

पुढच्या खेपेला सुनीता पडद्याआड गेली तेव्हा मॅडमनी तिचा रक्तदाब बघायच्या निमित्तानं बाही वर सरकवली. मी पट्टा धरून उभी होते. दंडाच्या एका बाजूला बोटांचे चार डाग, दुसऱ्या बाजूला अंगठ्याचा एक. काही पिवळे पडलेले, काही ताजे. मॅडमनी काही विचारलं नाही. स्वतःची बाही वर केली, आपला दंड तिच्या दंडाजवळ नेला आणि म्हणाल्या, "माझी खूण गेली. तुझी जाऊ देत नाही वाटतं कुणी."

सुनीता काट्यावर उभी होती. रडली नाही. काट्याची सुई मात्र स्थिर होईना.

"तुझं काही चुकलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. एवढंच. मग मोठ्यानं, बाहेर ऐकू जाईल असं, "काटा हलतोय गं. नीट उभी राहा."

ती दोघं गेल्यावर मी उसळले. म्हटलं, पोलिसात जाऊ, निदान त्याला बोलावून चार शब्द सुनवा, तुमचं तो ऐकेल. मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की मी थांबले. "मी त्याला सुनवीन, तो माझ्यासमोर मान खाली घालेल, आणि घरी गेल्यावर त्याची किंमत कोण देईल? दोघांना समोरासमोर बसवून समजूत घालणं तर मुळीच नको. आणि पोलिसांचं म्हणतेस, तर तिला विचारलंस? कधी काय केलं तर काय होईल, हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. आपण दार उघडं ठेवायचं, जे दिसतं ते नीट नोंदवून ठेवायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं फार अवघड आहे, मला माहीत आहे."

ते किती अवघड आहे ते लवकरच कळलं. मनगट सुजलं म्हणून सुनीता एकदा एकटीच आली, नवरा कामावर असताना. मॅडमनी बांधून दिलं, शेजारच्या मेडिकलमधून मलम घ्यायला सांगितलं. मेडिकलवाले काका म्हणजे गल्लीचा सज्जन माणूस, सगळ्यांची विचारपूस करणारा. आपल्याकडे एखादा माणूस दिसला आणि घरच्यांची तब्येत विचारली नाही तर तो उद्धटपणा होतो. तिसऱ्या दिवशी तिचा नवरा दुकानात आला, तसे काका आपुलकीनं म्हणाले, "वहिनींचं मनगट काय म्हणतंय? परवा एकट्याच आल्या होत्या."

काकांनी ते आम्हालाही सांगितलं, सहज. मॅडमच्या हातातला पेन खाली पडला.

त्यानंतर सुनीता आली नाही. रोज बाहेर मोटरसायकल थांबली की मॅडम दाराकडे बघायच्या. जेवण अर्धवट टाकायच्या. वर्तमानपत्र मला आधी वाचायला लावायच्या आणि विचारायच्या, "काही नाही ना गं?" काय नाही ना, ते दोघींना माहीत होतं. मीही घरी जाऊन झोपू शकत नव्हते. तिच्या घरी फोन करायचा तर नंबर नवऱ्याचा. कुणाला पाठवायचं तर त्याला कळणार. तिच्यासाठी काहीही केलं तरी ते तिच्यावरच उलटेल, असे ते दिवस होते.

शेवटी ती आली, नवऱ्याबरोबर, कडक उन्हाळ्यात लांब बाह्यांचा ब्लाउज घालून. चालताना एक हात पोटाशी. तो म्हणाला, "जिन्यावरून पडली. ही अशीच, लक्ष नसतं हिचं." मॅडमनी चारही प्रश्न विचारले, नेहमीच्याच सुरात. मला त्या सुराचं आजही नवल वाटतं. मग म्हणाल्या, "चला, वजन."

यापुढे तो तिला एकटी सोडणार नव्हता. म्हणजे वजनाला लागतो तेवढाच वेळ आमच्या हातात. मी बाहेर त्याच्याशी त्याच्या पित्तावर बोलत बसायचे आणि आत एकेका खेपेला दोन-चार वाक्यं व्हायची. मॅडमनी मला नंतर सांगितलं, पहिल्या खेपेला त्या काय बोलल्या ते. "मला रस्त्याची भीती वाटते, तर मी कुणाला तरी हाक मारते. तू कुणाला हाक मारशील?"

सुनीता म्हणाली, "भाऊ आहे. पण तो म्हणेल, संसार आहे, सहन कर."

"म्हटलंय का त्यानं तसं?"

"नाही. मीच कधी सांगितलं नाही."

पुढच्या खेपेला कागदपत्रं कुठे असतात, मुलीची शाळा कधी सुटते, शेजारी कोण आहे, जास्त झालं तर दार कोणतं जवळ पडतं. त्यापुढच्या खेपेला भावाचा नंबर. मॅडमनी ओळखीतल्या एका वकीलबाईंना आणि घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांना नाव न सांगता सगळं विचारून ठेवलं. आणि दर खेपेला मोठ्यानं, "हा काटा काही धड नाही, पुन्हा उभी राहा गं." बाहेर नवरा मला म्हणायचा, "मॅडमना आता नवीन काटा घेऊन द्यायला पाहिजे." मी हसायचे.

निघायचा दिवस तिनंच ठरवला. त्याची सकाळची पाळी होती. शाळा सुटली की मुलीला घेऊन कोपऱ्यावर थांबायचं, भाऊ पिकअप घेऊन येणार. पण नामपूरच्या बाजारात कांदा उतरवून निघायलाच भावाला उशीर झाला. भर दुपारी मुलीचा हात धरून रस्त्यावर उभं राहायचा सुनीताला धीर होईना. ती मागच्या बोळातून दवाखान्यात आली. मॅडमनी तिला काही न विचारता पडद्याआड बसवलं आणि भावाला फोन करून मागच्या बोळात यायला सांगितलं.

थोड्या वेळानं पुढच्या दारात तिचा नवरा उभा.

कुणीतरी शेजाऱ्यानं फोन केला असणार. शर्ट घामानं भिजला होता. पाया पडला नाही. "ती इथे आली होती का?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा झाला होता. पडदा त्यांच्या पाठीमागे, हात लांबवला तर लागेल एवढ्यावर. दोन्ही हात छातीशी गेले आणि मला वाटलं, आता संपलं, आता या ओरडतील.

"किती घाम आलाय तुम्हाला," मॅडम म्हणाल्या. "बसा. बीपी बघू."

आणि तो बसला. याचं मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं. दारातून येताना तो कुणाचा तरी जीव घेईल असा दिसत होता. पण वर्षानुवर्षं ज्या खुर्चीत बसून आपण जीभ दाखवली, त्या खुर्चीजवळ उभं राहून डॉक्टर बसा म्हणाल्या की माणूस बसतो. बाहीसुद्धा त्यानंच वर केली.

मॅडम पट्टा गुंडाळू लागल्या. तो दोनदा निसटला. त्यांनी मला डोळ्यांनी मागे जायला सांगितलं. मी हातात ट्रे घेऊन पडद्याआड गेले. सुनीतानं मुलीचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरलं होतं. मागच्या बोळात गाडीचा आवाज आला. मी मागच्या दाराची कडी काढायला वाकले आणि मुलीचा पाय काट्यावर पडला. खट्ट.

"आत कोण आहे?"

"पेशंट आहे. वजन चाललंय."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला कडी दिसेना. मग मॅडमचा आवाज, अगदी रोजचा. "हलू नका. हललात तर परत फुगवावं लागेल. भूक लागते?"

तो काहीतरी पुटपुटला.

"झोप लागते? पोट साफ होतं?"

मी दार उघडलं. भाऊ बोळात उभा होता, काळाठिक्कर पडलेला. आधी मुलगी, मग सुनीता. तिच्या पायात एकच चप्पल होती, दुसरी काट्याजवळ राहिली. पिकअप बोळातून वळली तसं मी दार लावून घेतलं.

पलीकडे मॅडम विचारत होत्या, "घरी कुणाची भीती वाटते?"

या वेळी तो हसला नाही. मग मॅडम म्हणाल्या, "झालं. सोडते हात." आणि त्यांनी सोडला.

तो ताडकन उठला, पडदा ओढला. आत मी होते, काट्यावर उभी. चप्पल माझ्या साडीखाली. त्यानं माझ्याकडे, मग मागच्या बंद दाराकडे पाहिलं आणि निघून गेला. वजन चालू असताना पडदा ओढणारा तो पहिला पुरुष.

मॅडम खुर्चीत बसून होत्या. मी विचारलं, "किती होतं त्याचं बीपी?"

"कोण जाणे. नळी कानात घातली तर माझंच काळीज ऐकू येत होतं." मग त्या रडल्या. मीही.

संध्याकाळी भावाचा फोन आला. तो आमच्याशी नेहमी शुद्ध बोलायचा प्रयत्न करायचा, पण त्या दिवशी अहिराणीतच बोलला. "ताई घर उनी. आते आठेच राही." मॅडमना बागलाणची बोली येत नव्हती. पण ताई घरी पोचली, आता तिथेच राहणार, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मॅडम पुन्हा आनंदानं पालीला घाबरत बसल्या असत्या. पण तो माणूस शहरातच होता. दुसऱ्या आठवड्यापासून तो संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उभा राहू लागला. इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा. मॅडम बाहेर पडल्या की म्हणायचा, "चला मॅडम, पलीकडे नेतो." बाकी काही नाही. कुणाला सांगायचं तर काय सांगणार, एक गृहस्थ म्हाताऱ्या बाईला रस्ता ओलांडायला मदत करतो म्हणतो.

मी म्हटलं, आता दवाखाना काही दिवस बंद ठेवू. मॅडमनी तसं केलं नाही. त्यांनी वेगळंच केलं. मेडिकलच्या पायरीवर उभ्या राहून, दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर, काकांना म्हणाल्या, "मला त्या माणसाची फार भीती वाटते. मला पलीकडे न्याल का?"

काकांनी कारण विचारलं नाही. त्या आपुलकीच्या चौकशीचं काय झालं होतं ते एव्हाना त्यांना उमगलं असावं. दुकान तसंच टाकून ते उतरले. दुसऱ्या दिवशी रिक्षावाले दादा होते. मग भाजीवाली, मग गल्लीतल्या दोन सासवा, ज्यांचं चौथ्या प्रश्नाचं उत्तर कायम "सुनेची" असायचं, आणि त्यांच्या सुनाही. रोज कुणी ना कुणी. मधे मॅडम, डोळे मिटून, आणि पलीकडून त्यांच्याकडे बघणारा तो. भीती अशी चारचौघांत उघड बोलून दाखवता येते, हे मी त्या कडेला उभी राहून शिकले. आधी ज्याची मला लाज वाटायची तेच हे. कधीतरी तो यायचा थांबला. नेमका कधी ते आमच्या लक्षातही आलं नाही, कारण तो असो नसो, तिकडे बघायची सवय लागली होती. मॅडम तर शेवटपर्यंत आधी त्या कोपऱ्याकडे बघायच्या आणि मगच पायरी उतरायच्या.

गेल्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. छोटंसं आजारपण, फार त्रास झाला नाही. हॉस्पिटलात पडल्या पडल्याही नर्सकडे बोट दाखवून त्या मला दटावत होत्या, "अगं, तिलाही चार प्रश्न विचार, एवढी रात्रपाळी करते ती."

आता त्यांच्या खुर्चीत मी बसते. काटा तोच आहे. चौथ्या प्रश्नाला बाकडी हसतात आणि कधी कधी पडद्याआड सुई थरथरत राहते. मग मलाही फार भीती वाटते.

परवा दुपारी दवाखान्यातला फोन वाजला. सुनीता होती. नंबर तिला तोंडपाठ होता. मॅडमनी पाठच करायला लावला होता, मोबाइलमध्ये ठेवायचा नाही म्हणून. माहेरच्या गावात ती आता स्वतंत्र खोली घेऊन राहते, कांदा निवडायला जाते, मुलगी सायकलवर शाळेत जाते. कोर्टाच्या तारखा अजून चालू आहेत. मॅडम गेल्याचं तिला माहीत नव्हतं.

"मॅडम आहेत का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "पेशंट बघताहेत."

"मग त्यांना सांगाल का? किती दिवस सांगायचं राहिलंय." "म्हणावं, भूक लागते. झोप लागते. पोट साफ होतं."

मी वाट बघत राहिले. तिकडे कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज आला, मुलगी हसली.

"भीती वाटते अजून," सुनीता म्हणाली. "बाजारात वाटते. एसटीत कुणी मागे बसलं की वाटते. घरी नाही वाटत."

"सांगते," मी म्हणाले.